चष्म्याचा नंबर बरोबर, तरी नजरचूक का होते?



ह्या पानांवर आपण बेणे, खते, पाणी, खोडवा ह्यांविषयी नेहमी बोलतो. ह्या वेळी उसाविषयी नव्हे, तर ऊस पिकवणाऱ्या माणसाविषयी, आणि तेही त्याच्या नजरेविषयी थोडे बोलायचे आहे. कारण साधे आहे. आपल्या सभासदांत साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ आहेत. जमीन त्यांच्या नावावर, शेअर त्यांच्या नावावर. आणि रात्रीची लाईट आली की मोटार सुरू करायला, टोळी आली की फडावर उभे राहायला, गट ऑफिसला मोटारसायकलवरून हेलपाटा मारायला हीच मंडळी पुढे. त्यात हंगाम सुरू झाला की रस्ता कसा होतो, हे कोणाला सांगायला नको. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाजूने लोंबणारा ऊस, मधून बैलगाड्या, आणि ह्या सगळ्यातून वाट काढणारा आपला सभासद.

अशा वयाच्या माणसाचा अपघात झाला, किंवा थोडक्यात टळला, की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. लोक म्हणतात, "म्हाताऱ्याला आता दिसत नाही." आणि तो गृहस्थ म्हणतो, "मला चांगलं दिसतंय. परवाच नंबर काढलाय. ती गाडी आली कुठून तेच कळलं नाही." आमचे म्हणणे असे की पुष्कळदा हा गृहस्थ खोटे बोलत नसतो. डोळ्याला गाडी दिसलेली असते, पण ती ध्यानात यायला उशीर झालेला असतो, किंवा ती ध्यानात आलेलीच नसते. वयाने डोळा उतरतो हे सर्वांना ठाऊक आहे. वयाने नजरेचे लक्ष, ज्याला शास्त्रात अवधान म्हणतात, तेही बदलते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. चष्म्याच्या दुकानात ते मोजत नाहीत आणि लायसेन्सच्या वेळीही मोजत नाहीत. म्हणून हा लेख.

डोळा म्हणजे यार्ड, लक्ष म्हणजे काटा

एक सोपा प्रयोग करून बघा. ह्या ओळीतल्या कोणत्याही एका शब्दावर नजर रोखून धरा, आणि नजर न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. वाचता येणार नाही. खाली अक्षरे आहेत एवढे कळते, पण कोणती ते कळत नाही. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढी जागा, तेवढ्याच भागात आपल्याला खरे स्पष्ट दिसते. बाकी सगळे पुसट असते. तरी आपल्याला वाटते की समोरचे सगळे आपण पाहतो आहोत. कारण डोळा सारखा उड्या मारत असतो, सेकंदाला साधारण तीन. आता इकडे पाहा, आता तिकडे पाहा, असा हुकूम त्याला मेंदू देत असतो. ह्या हुकुमालाच आपण लक्ष म्हणतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर डोळा म्हणजे कारखान्याचे यार्ड आणि लक्ष म्हणजे वजनकाटा. यार्डात गाड्या कितीही येऊन उभ्या राहोत, काट्यावर एका वेळी एकच चढते. जी काट्यावर चढली तिचीच नोंद होते. बाकीच्या यार्डात आहेत, पण वहीत नाहीत. नजरेचेही तसेच आहे. डोळ्यात हजार गोष्टी शिरतात, पण लक्षाच्या काट्यावर ज्या चढतात तेवढ्याच 'दिसल्या' असे आपण म्हणतो.

वयाने यार्डातही बिघाड होतो आणि काट्यावरही. दोन्ही वेगळे ओळखले पाहिजेत, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

यार्डातला बिघाड

चाळिशी लागते हे आपण सर्व अनुभवतो. डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे अक्षर पुसट होते. त्याला चष्मा आहे. पण भिंग नुसते ताठर होत नाही, ते हळूहळू पिवळट आणि धुरकटही होते. शिवाय डोळ्याची बाहुली लहान राहू लागते, अंधारात ती पूर्वीइतकी उघडत नाही. ह्या दोन्हींचा परिणाम असा की साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा उजेड विशीतल्या मुलाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो. म्हणजे तिन्हीसांजेला नातू म्हणतो, "आबा, अजून उजेड आहे की," आणि आबांना मात्र अंधार पडल्यासारखा वाटतो. दोघेही खरे बोलतात.

दुसरे, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला जास्त वेळ लागतो. तिसरे, समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर आला की धुरकट भिंगात तो पसरतो आणि काही वेळ समोर नुसते पांढरे दिसते. तरुणाला हा त्रास कमी होतो आणि तो लवकर सावरतो. चष्मा प्रतिमा स्पष्ट करतो, पण उजेड वाढवत नाही आणि झोत थांबवत नाही. ही यार्डातली गोष्ट झाली. आता काट्याकडे येऊ.

एका नजरेत किती मावते?

अमेरिकेत अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. तेथे कार्लीन बॉल, सिंथिया औस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट शोधायची ठरवली. म्हाताऱ्या ड्रायव्हरांपैकी कोणाचे अपघात होतात आणि कोणाचे होत नाहीत, हे आधी ओळखता येईल काय? नुसती अक्षरे वाचायला लावून ते नीट ओळखता येत नव्हते. तक्त्यावरची बारीक अक्षरे धडाधड वाचणाऱ्या माणसाच्या नावावरही अपघात असत.

मग त्यांनी वेगळी परीक्षा घेतली. पडद्यावर क्षणभरच एक चित्र चमकवायचे. मध्यभागी एक वाहन. ते मोटार आहे की ट्रक, हे सांगायचे. त्याच क्षणी कडेला कुठेतरी आणखी एक मोटार चमकते. ती कोणत्या बाजूला होती, तेही सांगायचे. मग ह्याच खेळात कडेच्या मोटारीभोवती इतर आकृत्यांची गर्दी करायची आणि पुन्हा विचारायचे. डोके न हलवता, डोळा न फिरवता, एका नजरेत माणूस किती भागातले टिपू शकतो, हे त्यावरून समजते. ह्या भागाला उपयोगी दृष्टिक्षेत्र असे म्हणतात.

१९९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ५५ ते ९० वर्षे वयाचे २९४ ड्रायव्हर होते. ज्यांचे हे क्षेत्र बरेच आकसले होते, त्यांच्या नावावर मागील ५ वर्षांत अपघाताची नोंद असण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली. पुढे अशाच लोकांवर ३ वर्षे नजर ठेवली. त्या काळात ज्यांचे क्षेत्र ४० टक्के किंवा जास्त आकसलेले होते, त्यांना अपघात होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून थोडे अधिक भरले. हा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. क्षेत्र आकसते म्हणजे कडेचे दिसणे बंद होते असे नव्हे. नुसता कडेला बोट हलवून विचारले तर हाच माणूस "दिसते" म्हणतो. पण मध्ये एक काम चालू असताना, वेळ थोडा असताना आणि भोवती गर्दी असताना, कडेची गोष्ट काट्यावर चढत नाही. आता रस्त्यावर गाडी चालवताना नेमके हेच तीन प्रकार एकदम असतात की नाही? समोरच्या ट्रॉलीवर नजर आहे, वेळ थोडा आहे, बाजूला बाजाराची गर्दी आहे, आणि त्यातून पोरगे सायकल घेऊन कडेने येते.

असे का होते? मुख्य कारण म्हणजे काट्याचा वेग. वयाबरोबर मेंदूचे माहिती उलगडण्याचे काम संथ होते. एका गाडीचे वजन होईतो पूर्वी जेवढा वेळ लागे त्यापेक्षा जास्त लागतो. गाड्या रांगेने आणि सावकाश आल्या तर काहीच अडत नाही, वजन तितकेच बरोबर होते. पण तीन गाड्या एकदम घुसल्या तर एखादी नोंदीवाचून निघून जाते.

हा संथपणा किती महाग पडतो ते आकड्यात पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक मारायचा निर्णय अर्धा सेकंद उशिरा झाला तर साडेपाच मीटर अंतर आधीच कापले गेले. ताशी ६० वेगाने तेच अंतर आठ मीटरांवर जाते.

फडातले उदाहरण

गर्दीतून एखादी गोष्ट हुडकून काढणे हेही लक्षाचेच काम. ह्यात दोन प्रकार आहेत आणि वयाचा परिणाम दोन्हींवर सारखा होत नाही.

पहिला प्रकार काणी रोगाचा. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडलेला असतो. हिरव्या रानात काळा चाबूक एकच. तो शोधावा लागत नाही, तोच डोळ्यात भरतो. अशी एका खुणेने वेगळी उठून दिसणारी गोष्ट म्हातारपणीही जवळजवळ पूर्वीसारखीच चटकन दिसते.

दुसरा प्रकार खोडकिडीच्या पोंगेमरचा. लहान उसात वाळलेली पाने खाली पुष्कळ असतात, आणि हिरवे पोंगेही पुष्कळ असतात. आपल्याला हवा असतो वाळलेला आणि तोही मधला पोंगा. म्हणजे दोन खुणा एकत्र जुळवून पाहाव्या लागतात, एकेका बेटावर नजर थांबवावी लागते. असा शोध तरुणालाही वेळ घेतो. पण वय वाढले की हा वेळ बराच जास्त वाढतो, आणि रान जितके दाट तितका फरक मोठा. मानसशास्त्रज्ञांनी रंगीत अक्षरे आणि आकृत्या वापरून जे दाखवले, ते आपल्या फडात असे रोज घडत असते.

पाचटातली घोणसही ह्याच जातीची. वाळल्या पाचटात तिचा रंग आणि ठिपके मिसळून जातात. बॅटरीच्या उजेडात साठीचा माणूस चालला असेल तर तिच्यावर नजर पडूनही ती सापडणार नाही, हा धोका धरूनच चालले पाहिजे. पाण्याच्या पाळीला बूट आणि काठी सांगतात ती उगाच नव्हे.

नको ते बाजूला सारणे

लक्षाची आणखी एक बाजू आहे. हवे ते घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच नको ते दूर ठेवणेही. काट्यावर ऊस हवा. पण रस्त्यावरची वऱ्हाडाची गाडीही काट्यात घुसली तर कामाचा खोळंबा. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००५ साली हे मेंदूच्या चित्रणातून तपासले. लोकांना चेहरे आणि निसर्गदृश्ये आळीपाळीने दाखवायची आणि सांगायचे, 'फक्त चेहरे ध्यानात ठेवा, दृश्यांकडे दुर्लक्ष करा.' हव्या चित्रांकडे लक्ष देण्यात वृद्ध कमी पडले नाहीत. पण नको त्या चित्रांना दाबून ठेवणे तरुणांना जसे साधले तसे वृद्धांना साधले नाही. नको असलेलेही त्यांच्या मेंदूत शिरत राहिले.

म्हणून तर लाऊडस्पीकर, दुकानांच्या लखलखत्या पाट्या आणि मागून हॉर्न, अशा चौकात म्हातारा माणूस गोंधळतो, आणि तोच माणूस मोकळ्या रस्त्यावर उत्तम गाडी चालवतो. हा भित्रेपणा नव्हे, गावंढळपणाही नव्हे. त्याच्या काट्यावर नको ती वाहने जास्त चढताहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एका गोष्टीत मन पूर्ण गुंतले तर काय होते? १९९९ साली हार्वर्ड विद्यापीठात सायमन्स आणि चॅब्री ह्या दोघांनी एक गंमत केली. काही मुले चेंडू फेकताहेत अशी फिल्म दाखवून, पांढऱ्या कपड्यातल्या मुलांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेली एक बाई खेळाडूंमधून चालत जाते, थांबते, छाती बडवते आणि निघून जाते. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! हे सगळे तरुण, चांगल्या डोळ्यांचे लोक होते. २०११ साली हाच प्रकार वृद्धांवर करून पाहिला, तेव्हा गोरिला न दिसणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात जास्त निघाले. तेव्हा "एवढी मोठी ट्रॉली दिसली नाही काय?" असे विचारणाऱ्याने हा गोरिला आठवावा. मन दुसरीकडे असले तर ट्रॉलीएवढी वस्तूही डोळ्यासमोरून निसटते.

काय उतरत नाही?

आपल्याकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. नजरेच्या लक्षापुरते बोलायचे तर ती सरसकट खरी नाही. वेग कमी होतो, पण अचूकपणा तितका कमी होत नाही. पुरेसा वेळ दिला तर वयस्क माणूस बऱ्याच कामांत तरुणाच्या बरोबरीने उतरतो. आधी सूचना मिळाली, "डावीकडून गाडी येईल हं," तर ती सूचना वापरण्यात तो मागे पडत नाही. हातातले काम सोडून मन भलतीकडे भटकणे वृद्धांत तरुणांपेक्षा कमीच आढळते. आणि अनुभव तर आहेच. कोणत्या वळणावर शेतातून बैलगाडी रस्त्यावर येते, कोणत्या वस्तीजवळ पोरे खेळतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे लक्ष आधीच तेथे जाऊन बसलेले असते. नवख्या पोराला हे येत नाही.

दुसरे असे की माणसामाणसांत फार फरक असतो. सत्तरीचा एखादा गृहस्थ पन्नाशीच्या माणसाला मागे टाकील. म्हणून नुसते वय बघून "तू आता गाडी सोड" म्हणणे शास्त्रालाही धरून नाही आणि रीतीलाही धरून नाही. लक्ष कसे आहे ते बघितले पाहिजे.

लायसेन्सचा कागद

आपल्याकडे चाळिशीनंतर लायसेन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि खासगी वाहनाच्या बाबतीत ५५ वर्षांनंतर ते दर ५ वर्षांनी नवे करून घ्यावे लागते. ही चांगली गोष्ट आहे. पण त्या दाखल्यात मुख्यतः लांबचे दिसते काय, रंग ओळखता येतात काय, हे पाहिले जाते. म्हणजे तपासणी यार्डाची होते, काट्याची होत नाही. दाखला मिळाला म्हणजे रात्रीच्या हंगामी रस्त्याला आपण लायक ठरलो, असे कोणी समजू नये. ती पारख आपली आपणच केली पाहिजे.

पारख करायला काही प्रश्न पुरे आहेत. वळताना एकाएकी गाडी समोर आली असे अलीकडे वारंवार होते काय? मागे बसणारा "अहो, बघा बघा" असे पूर्वीपेक्षा जास्त म्हणतो काय? गाडीला नवे ओरखडे, पोचे दिसतात काय? मागची वाहने सारखी हॉर्न वाजवतात काय? रात्री समोरून झोत आला की थांबावेसे वाटते काय? दोन-तीन उत्तरे 'होय' आली तर पुढचे उपाय आजपासून धरावेत.

काय करावे?

१. डोळे वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नुसता नंबर काढू नका. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायचा काळ गेला. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. बर्मिंगहॅमच्याच संशोधकांनी २००२ साली दाखवले की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केलेल्या वृद्धांचे अपघात, ती न केलेल्यांच्या मानाने सुमारे निम्मे होते. काचबिंदूत कडेची नजर गुपचूप जाते, दुखत-खुपत काही नाही. मधुमेह असेल तर पडदा तपासून घेणे आलेच.

२. काट्याला वेळ द्या. वेग थोडा कमी, पुढच्या वाहनापासून अंतर थोडे जास्त. पोराने अंतर एक ठेवले तर आपण दोन ठेवावे. मागचा हॉर्न वाजवतो म्हणून घाई करू नये. त्याला जाऊ द्यावे.

३. एका वेळी एकच काम. गाडी चालू असताना मोबाईल घेऊ नये, कानात दुसरी बोलणी नकोत. चिठ्ठी कधी निघाली, टोळी कोणत्या रानात आहे, हे गाडी बाजूला लावून विचारावे. चौकात तर मागे बसणाऱ्यानेही गप्पा थांबवाव्यात.

४. मान वळवा. एका नजरेत जे मावत नाही ते दोन-तीन नजरांत मावते. मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे, मान फिरवून पाहावे. परदेशातल्या अभ्यासांत वृद्ध चालकांचे अपघात विशेषकरून चौकांत आणि समोरची वाहतूक ओलांडून वळताना आढळले आहेत. आपल्याकडे उजवीकडचे वळण ते हेच. शक्य तेथे थोडा वळसा पडला तरी सोपा रस्ता धरावा.

५. तिन्हीसांज आणि रात्र टाळा. गट ऑफिसची, बँकेची, दवाखान्याची कामे उन्हातच उरकावीत. झोत समोर आला तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि वेग कमी करावा.

६. खूण ठळक करा. मोटारीच्या पेटीजवळ चांगला दिवा, बटणांना ठळक रंग, कडबाकुट्टीजवळ भरपूर उजेड आणि भोवती पसारा कमी. विहिरीच्या काठाला, पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा. काणीचा चाबूक जसा डोळ्यात भरतो, तशी धोक्याची प्रत्येक जागा डोळ्यात भरली पाहिजे. पसाऱ्यात ठेवलेले हत्यार शोधताना लक्ष खर्ची पडते. प्रत्येक वस्तूला तिची जागा ठरवून द्यावी.

७. औषधांकडे बघा. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या ह्यांनी गुंगी येते आणि लक्ष आणखी मंदावते. डॉक्टरांना विचारून घ्यावे. रात्रभर पाणी धरून जागरण झाले असेल तर सकाळी गाडीला हात लावू नये.

८. बदल एकाएकी झाला तर थांबू नका. वर जे सांगितले ते वर्षानुवर्षे हळूहळू होते. पण चार दिवसांत एका बाजूचे दिसेनासे झाले, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झाले, किंवा बोलणे अडखळू लागले, तर ते वय नव्हे, आजार आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सराव करून लक्ष सुधारते काय, असेही कोणी विचारील. अमेरिकेत १९९८ पासून ६५ वर्षांवरील २,८३२ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाला पडद्यावरचे झटपट टिपण्याचा सराव संगणकावर दहा बैठकांत दिला. ह्या गटातल्या बहुतेकांचा टिपण्याचा वेग सुधारला, आणि पुढील काही वर्षांत त्यांच्या स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातांचे प्रमाण सराव न केलेल्यांच्या सुमारे निम्मे निघाले. मात्र ज्याचा सराव केला तेच सुधारले. टिपण्याच्या सरावाने स्मरणशक्ती वाढली असे काही झाले नाही. तेव्हा म्हाताऱ्या मेंदूला नवे काही चढत नाही, हा समज सोडून द्यावा.

तरुण मंडळींना दोन शब्द

घरातल्या मुलांनी, सुनांनी, नातवांनी हे वाचले असेल तर त्यांनाही सांगणे आहे. चारचौघांत किल्ली हिसकावून घेऊ नका. ज्या माणसाने ही जमीन बागायत केली त्याचा तो अपमान होतो, आणि अपमान झालेला माणूस हट्टाने रात्रीच बाहेर पडतो. "आबा, रात्रीच्या पाळीला मी जातो, सकाळी फड तुम्ही बघा, बेणं कुठलं चांगलं ते तुमच्यावाचून कुणाला कळतंय?" असे म्हटले तर कामही होते आणि मानही राहतो. नजर, वेळ आणि अनुभव ज्या कामाला लागतो ते काम त्यांच्याकडे द्यावे. वेग आणि अंधार ज्या कामात आहे ते आपण घ्यावे.

ट्रॅक्टरमालक आणि चालक बंधूंना तर हात जोडून विनंती. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा म्हणून दर हंगामात सांगावे लागते, आणि चिखलाने माखलेला, उसाने झाकलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. लाल दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर असलेली ट्रॉली अंधारात काळ्या चाबकासारखी उठून दिसते. म्हाताऱ्या डोळ्यालाही ती शोधावी लागत नाही. ते नसलेली ट्रॉली म्हणजे पाचटातली घोणस. रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॉली दिवा न लावता सोडून जाणे, मागे नुसता दगड ठेवून जाणे, हे तर कोणीच करू नये. मागून मोटारसायकलवर येणारा कदाचित आपलाच सभासद असेल, कदाचित आपलाच बाप असेल.

गटागटांच्या बैठकीत ह्या विषयावर बोलणे व्हावे. वयस्क सभासदांची यार्डातली, गट ऑफिसातली कामे दिवसाउजेडी कशी उरकतील, वाटेवरच्या कोणत्या वळणावर दिवा किंवा पांढरा पट्टा हवा, हे त्या त्या गावच्या मंडळींनीच सुचवावे. येत्या हंगामात प्रत्येक गाडी गव्हाणीपर्यंत सुखरूप यावी, आणि प्रत्येक सभासद घरी सुखरूप परतावा, एवढेच मागणे आहे.